भूविविधतेचे नकाशांकन : शाश्वत पर्यटन व संवर्धनाचा आधार
(कुकडी नदीखोऱ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

निसर्गसंवर्धनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने सजीवसृष्टीच्या अंगाने झाला आहे. वने, वन्यप्राणी, पक्षी व दुर्मीळ वनस्पती यांच्या रक्षणासाठी कायदे झाले, अभयारण्ये निर्माण झाली आणि 'जैवविविधता' हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. ज्या खडकांवर, मृदेवर व भूरूपांवर ही सजीवसृष्टी उभी आहे, त्यांच्या विविधतेकडे मात्र तुलनेने फारच कमी लक्ष दिले गेले. खडक हा टणक असतो, तो कोठे जाणार, अशी सर्वसाधारण समजूत यामागे असावी. वस्तुतः कापलेले जंगल काही दशकांनी अंशतः तरी पुन्हा वाढविता येते. परंतु खणून टाकलेला एखादा थर, फोडलेली एखादी कमान किंवा सपाट केलेला एखादा नदीकाठ कोणत्याही उपायाने पुन्हा निर्माण करता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यास पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यामुळे या परिसराकडे पर्यटकांचा ओघ वाढणे स्वाभाविक आहे. याच तालुक्यातून वाहणाऱ्या कुकडी नदीच्या खोऱ्यात भूशास्त्रीयदृष्ट्या मोलाची अनेक स्थळे आहेत. त्यांपैकी काही अत्यंत आकर्षक व टिकाऊ आहेत, तर काही दिसावयास सामान्य परंतु अत्यंत नाजूक आहेत. पर्यटनाचे नियोजन करताना हा भेद ओळखला जाणे आवश्यक आहे. त्यासाठी भूविविधतेचे नकाशांकन कसे करावे आणि अशा नकाशाने नेमके काय सांगितले पाहिजे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भूविविधता : संकल्पना व विकास

एखाद्या प्रदेशातील खडक, खनिजे, जीवाश्म, भूरूपे, मृदा व जलस्वरूपे आणि त्यांना घडविणाऱ्या प्रक्रिया यांच्यातील विविधतेस 'भूविविधता' असे म्हटले जाते. ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या प्रारंभी वापरात आली. तत्पूर्वी १९९१ मध्ये फ्रान्समधील दीन्य येथे भरलेल्या परिषदेत पृथ्वीच्या स्मृतींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला होता. मरे ग्रे यांच्या २००४ मधील ग्रंथाने या संकल्पनेस व्यवस्थित सैद्धांतिक बैठक दिली. भूविविधतेतील जी स्थळे शास्त्रीय, शैक्षणिक किंवा सांस्कृतिक दृष्टीने विशेष मोलाची असतात त्यांना 'भूस्थळे' आणि त्यांच्या समुच्चयास 'भूवारसा' असे संबोधले जाते.

युनेस्कोने नोव्हेंबर २०१५ मध्ये जागतिक भू-उद्यानांचा कार्यक्रम औपचारिकरीत्या स्वीकारला. भूवारशाचे जतन, शिक्षण आणि स्थानिक लोकांचा शाश्वत विकास ही या भू-उद्यानांची त्रिसूत्री होय. एप्रिल २०२५ मध्ये या जाळ्यातील भू-उद्यानांची संख्या ५० देशांत २२९ इतकी झाली. त्या यादीत भारतातील एकाही भू-उद्यानाचा समावेश नव्हता. २०२१ मध्ये युनेस्कोने ६ ऑक्टोबर हा दिवस आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन म्हणून घोषित केला आणि २०२२ पासून तो साजरा होऊ लागला.

भारतात १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने काही स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर हे त्यांपैकी एक होय. तथापि अशा दर्जामागे स्वतंत्र कायद्याचे पाठबळ नसल्याची उणीव दीर्घकाळ जाणवत होती. ती दूर करण्याच्या हेतूने केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासंबंधीच्या विधेयकाचा मसुदा जाहीर केला. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हा थरांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. याचा अर्थ असा, की ज्या बेसॉल्ट खडकाकडे आपण केवळ रस्त्याची खडी म्हणून पाहतो, त्याचे वारसामूल्य आता मान्य होऊ लागले आहे.

नकाशांकनाच्या दोन पद्धती :

भूविविधतेच्या नकाशांकनाच्या प्रामुख्याने दोन पद्धती रूढ आहेत.

पहिली पद्धत निर्देशांकाची होय. यात अभ्यासक्षेत्राचे समान आकाराच्या चौकोनांत विभाजन केले जाते आणि प्रत्येक चौकोनात खडकांचे, भूरूपांचे, मृदांचे व जलघटकांचे किती प्रकार आढळतात याची मोजदाद होते. सेरानो व रुइझ-फ्लानो यांनी २००७ मध्ये सुचविलेल्या सूत्रानुसार घटकांच्या संख्येस भूपृष्ठाच्या खडबडीतपणाच्या गुणांकाने गुणून, त्या गुणाकारास क्षेत्रफळाच्या नैसर्गिक लॉगरिदमने भागले जाते. खडबडीतपणाचा गुणांक उतारानुसार १ ते ५ असा धरला जातो. भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने हे काम जलद होते आणि मोठ्या प्रदेशाचे तौलनिक चित्र मिळते.

दुसरी पद्धत भूस्थळांच्या सूचीची होय. यात प्रत्यक्ष क्षेत्रभेटीतून प्रत्येक स्थळाची नोंद केली जाते व निश्चित निकषांवर त्याचे मूल्यमापन होते. पोर्तुगालमधील भूशास्त्रज्ञ जुझे ब्रिल्हा यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शास्त्रीय मूल्य, शैक्षणिक उपयुक्तता, पर्यटन-उपयुक्तता आणि ऱ्हासाचा धोका या चार बाबींचे स्वतंत्र गुणांकन अभिप्रेत आहे. या बाबी स्वतंत्र ठेवणे हेच या पद्धतीचे मर्म होय. चारही गुणांची एकत्र बेरीज केली, तर आकर्षक व टिकाऊ स्थळ आणि अनाकर्षक परंतु नाजूक स्थळ यांना सारखेच गुण मिळू शकतात. प्रत्यक्षात त्यांच्या व्यवस्थापनाच्या गरजा परस्परविरुद्ध असतात.

दख्खनच्या पठारावरील विशेष अडचण :

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या भेगी उद्रेकांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतात. महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे चार-पंचमांश भाग या बेसॉल्टने आच्छादलेला आहे. त्यामुळे लहान प्रमाणाच्या भूशास्त्रीय नकाशावर राज्याचा बहुतांश भाग एकाच रंगात रंगविलेला दिसतो. अशा नकाशावर आधारित निर्देशांक काढल्यास दख्खनचे पठार भूविविधतेच्या दृष्टीने दरिद्री ठरते.

हे दारिद्र्य भूमीचे नसून नकाशाच्या प्रमाणाचे आहे. समजा, १०० चौरस किलोमीटरच्या एका चौकोनासाठी खडबडीतपणाचा गुणांक ३ आहे. लहान प्रमाणाच्या नकाशावरून त्यात केवळ ३ घटक आढळले, तर निर्देशांक सुमारे २ येतो. त्याच चौकोनात प्रत्यक्ष पाहणी करून लाव्हा प्रवाहांचे प्रकार, दोन प्रवाहांमधील तांबडे थर, डाइक, नदीगाळाचे थर, कडे, सुळके, रांजणखळगे इत्यादी १२ घटक नोंदविले, तर निर्देशांक सुमारे ७.८ येतो. भूमी तीच राहते. केवळ पाहणाऱ्याची दृष्टी बदलते.

येथे स्थानिक ज्ञानाची मोठी मदत होऊ शकते. विहीर खोदणारे कारागीर 'काळा पाषाण', 'मांजऱ्या', 'गेरू' व 'मुरूम' असे भेद पूर्वापार करीत आले आहेत. घट्ट बेसॉल्ट, पोकळ्यांत खनिजे भरलेला सच्छिद्र बेसॉल्ट, दोन प्रवाहांमधील तांबडा थर आणि विदारित खडक हे भूशास्त्रातील भेदच या शब्दांत व्यक्त होतात. नकाशांकनाच्या नोंदपत्रात हे शब्द समाविष्ट केल्यास नकाशा ग्रामस्थांनाही आपला वाटेल.

कुकडी खोरे : एक दृष्टान्त

कुकडी नदी नाणेघाट परिसरात सह्याद्रीत उगम पावते, जुन्नर तालुक्यातून पूर्वेकडे वाहते आणि पुढे घोड नदीस मिळते. घोड ही भीमेची उपनदी होय. या नदीच्या अनुषंगाने पुढील भूस्थळांचा विचार करता येतो.

१) नाणेघाट : येथे पठाराची कड एकाएकी तुटून कोकणात उतरते. एकावर एक रचलेले लाव्हा प्रवाह कड्यांच्या व टप्प्यांच्या रूपाने स्पष्ट दिसतात. सातवाहनकाळात कोकणातील बंदरांना जुन्नरशी जोडणारा हा व्यापारी मार्ग होता आणि येथील लेण्यात राणी नागनिकेशी निगडित ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. पावसाळ्यात दरीतून वर येणाऱ्या जोरदार वाऱ्याने कड्यावरील पाणी उलट फेकले जाते. हे दृश्य पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी मोठी गर्दी लोटते.

२) जुन्नरची लेणी व शिवनेरी : जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. लेणी खोदण्यास अखंड व घट्ट खडक आवश्यक असतो, तर दोन प्रवाहांच्या सांध्यातून पाणी झिरपते. किल्ल्यावरील पाण्याची टाकी व लेण्यांच्या जागा यांचा विचार केल्यास प्राचीन कारागिरांना खडकांची उत्तम जाण असली पाहिजे, हे लक्षात येते. इतिहासासाठी येणाऱ्या पर्यटकास भूशास्त्राचा परिचय करून देण्यास याहून योग्य जागा नाही.

३) गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल : आणे घाटाजवळ ओढ्याच्या प्रवाहाने बेसॉल्टमधील कमकुवत भाग कोरून काढल्यामुळे ही कमान निर्माण झाली आहे. नैसर्गिक कमानी वालुकाश्म व चुनखडकांच्या प्रदेशात अधिक प्रसिद्ध आहेत. बेसॉल्टमधील असे उदाहरण म्हणून या स्थळास महत्त्व आहे. हे स्थळ रहदारीच्या मार्गानजीक असल्याने तेथे पोहोचणे सुलभ आहे आणि म्हणूनच कमानीवरील भाराचा व परिसरातील बांधकामाचा विचार आवश्यक ठरतो.

४) बोरी येथील ज्वालामुखीय राख : बोरी येथे कुकडीच्या काठावरील गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. ही राख दख्खनच्या ज्वालामुखींची नसून इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून वाऱ्याबरोबर आलेली आहे, असे मानले जाते. ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची आहे की त्याहून कितीतरी प्राचीन आहे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञांनी येथील राख व अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे यांचा अभ्यास केला. राखेचे वय निश्चित झाल्यास त्या हत्यारांचे, पर्यायाने या खोऱ्यातील मानवी वस्तीचे वय ठरविण्यास मदत होते. सामान्य प्रवाशास मात्र येथे फिकट रंगाच्या मातीखेरीज काही दिसत नाही.

५) निघोजचे रांजणखळगे : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील निघोज येथे कुकडीच्या पात्रात बेसॉल्टमध्ये खोल रांजणखळगे तयार झाले आहेत. पुराच्या पाण्यातील भोवऱ्यांत सापडलेले दगडगोटे खडकावर गरगर फिरून घासले जातात आणि कालांतराने रांजणाच्या आकाराचे खळगे निर्माण होतात; शेजारचे खळगे एकमेकांस मिळाले की अरुंद घळ बनते. काठावरील मळगंगा देवीमुळे हे स्थळ श्रद्धेचेही आहे.

नकाशाने काय सांगावे ?

वरील पाच स्थळांचा तौलनिक विचार केल्यास एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. स्थळाची आकर्षकता, त्याचे शास्त्रीय मूल्य आणि त्याचा नाजूकपणा या तीन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही. निघोजचे खळगे आकर्षक आहेत आणि त्यांचा खडक पर्यटकांच्या वावराने सहजासहजी झिजणारा नाही. तेथे धोका आहे तो मुख्यतः पर्यटकांच्याच जीवितास. निसरडे काठ, खोल खळगे आणि अचानक वाढणारे पाणी यांमुळे सुरक्षिततेची व्यवस्था प्रथम आवश्यक ठरते. याउलट बोरी येथे आकर्षकता अत्यल्प, शास्त्रीय मूल्य अत्युच्च आणि नाजूकपणा पराकोटीचा आहे. राखेचा थर सैल असतो. जमीन सपाट करणे, माती उचलणे, काठाची धूप किंवा नमुन्यांसाठी केलेले अनिर्बंध खोदकाम यांपैकी कोणत्याही कारणाने तो कायमचा नष्ट होऊ शकतो.

म्हणून भूविविधतेचा नकाशा म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची यादी नव्हे. जो नकाशा केवळ 'काय पाहावे' हे दाखवितो, तो पर्यटनास उपयोगी पडतो, परंतु संवर्धनास मारक ठरू शकतो. उपयुक्त नकाशाने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : पर्यटकांना कोठे न्यावे, कोठे मर्यादित संख्येने व मार्गदर्शकासह न्यावे आणि कोठे नेऊ नये. जुन्नरची लेणी व शिवनेरी पहिल्या वर्गात, नाणेघाट, गुळुंचवाडी व निघोज दुसऱ्या वर्गात आणि बोरी तिसऱ्या वर्गात मोडते.

यावर असा आक्षेप घेता येईल, की एखादे स्थळ लोकांपासून लपविल्याने त्याचे रक्षण होते असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. ज्या शेतकऱ्यास काठावरील पांढुरक्या मातीचे मोल ठाऊक नाही, तो आपली जमीन सपाट करताना ती माती काढून टाकील आणि त्यात त्याचा कोणताही दोष नसेल. म्हणून माहिती व प्रसिद्धी यांत भेद करणे आवश्यक आहे. नाजूक स्थळाची माहिती जमीनधारकास, ग्रामपंचायतीस, महसूल यंत्रणेस व संशोधकांस अवश्य असावी. त्याची जाहिरात पर्यटन-पुस्तिकेत असू नये. पर्यटकांसाठी त्या थराची प्रतिकृती, छायाचित्रे व माहिती गावातील शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीत मांडता येईल. त्यामुळे गावास अभिमान व काही प्रमाणात उत्पन्नही लाभेल आणि मूळ थर अबाधित राहील.

दुसरी महत्त्वाची बाब प्रक्रियेची आहे. रांजणखळगे ही गतकाळाची पूर्ण झालेली कृती नव्हे. पूर व दगडगोटे यांमुळे ती घडत असते. कुकडीवर माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत, त्यामुळे नदीचा प्रवाह पूर्णपणे नैसर्गिक राहिलेला नाही. पात्रातील वाळू व गोटे यांचा उपसा झाल्यास खळगे कोरणारे साधनच नाहीसे होते. यासाठी नकाशावर केवळ निघोजचा बिंदू न दाखविता त्यास पाणी व गाळ पुरविणारा वरचा पट्टाही दर्शविला पाहिजे.

तिसरी बाब प्रशासकीय सीमांची होय. निघोज अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तर समोरच्या तीरावरील टाकळी हाजी पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात येते. तालुका हा घटक धरून केलेल्या पर्यटन आराखड्यात एकाच भूरूपाचे दोन तुकडे होतात आणि एका तीरावरील सुरक्षा-व्यवस्था दुसऱ्या तीरावर लागू होत नाही. नदीखोरे हा नकाशांकनाचा घटक मानल्यास ही अडचण दूर होते.

संख्येच्या मर्यादेबाबत सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे उदाहरण मार्गदर्शक आहे. जांभ्या खडकावरील मृदेच्या पातळ थरात बहरणारी फुले तुडविली जाऊ नयेत, यासाठी फुलांच्या हंगामात तेथे पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा व प्रवेशशुल्क आकारण्याची पद्धत अवलंबिली गेली आणि स्थानिक समित्यांना व्यवस्थापनात स्थान मिळाले. स्थळाच्या सहनक्षमतेनुसार नियम करता येतात, हे यावरून दिसते.

महाविद्यालयांची भूमिका :

या स्वरूपाचे सविस्तर नकाशांकन केवळ शासकीय यंत्रणेकडून होईल, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. ग्रामीण भागातील महाविद्यालये या कामी मोलाचे साहाय्य करू शकतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे 'भूकोश' आणि इस्रोचे 'भुवन' या संकेतस्थळांवर मूलभूत माहिती उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे भूस्थानिक माहिती संकलित करण्यावरील अनेक निर्बंध शिथिल झाले आहेत. या पार्श्वभूमीवर पुढील उपक्रम हाती घेता येतील.

१) भूगोल, भूशास्त्र, इतिहास, मराठी व अर्थशास्त्र या विभागांनी संयुक्त नोंदपत्र तयार करावे. त्यात खडक व भूरूप यांबरोबर स्थानिक नाव, आख्यायिका, जमिनीची मालकी व उपजीविकेशी असलेला संबंध यांची नोंद असावी.

२) प्रत्येक स्थळाची लांबी, रुंदी व खोली प्रत्यक्ष मोजावी. 'आशियातील सर्वांत मोठे' यांसारखी विशेषणे स्थळांना सहज चिकटतात. मोजमापाविना त्यांना शास्त्रीय अर्थ नसतो.

३) दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ठरावीक बिंदूवरून छायाचित्र घ्यावे. काही वर्षांत ऱ्हासाचा विश्वसनीय पुरावा यातून उपलब्ध होईल.

४) क्षेत्रभेटीत हातोड्याचा वापर व नमुने गोळा करणे यांवर विद्यार्थ्यांना कटाक्षाने मर्यादा घालावी. अभ्यासकांकडूनच स्थळाची हानी होणे हा सर्वांत मोठा विरोधाभास ठरेल.

५) जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर लोक जैवविविधता नोंदवह्या तयार केल्या जातात. त्यांस भूविविधतेचे परिशिष्ट जोडावे, असा आग्रह ग्रामसभांकडे धरता येईल.

समारोप :

भूविविधतेचे नकाशांकन हे तांत्रिक काम असले, तरी त्यातील निर्णय मूल्यांचे आहेत. कोणते स्थळ लोकांसमोर आणावयाचे आणि कोणते शांत राहू द्यावयाचे, हे संगणकप्रणाली ठरवू शकत नाही. त्यासाठी शास्त्रीय मूल्य, आकर्षकता व नाजूकपणा यांची स्वतंत्र नोंद आणि स्थानिक समाजाचा सहभाग आवश्यक आहे. कुकडीच्या खोऱ्यात नाणेघाटाचा विशाल कडा आणि बोरीचा राखेचा पातळ थर एकाच नदीच्या काठी आहेत. कड्याकडे लोक आपोआप जातील. राखेच्या थराचे रक्षण मात्र त्याची नोंद वेळेवर झाली तरच होईल. पर्यटनाचे आराखडे तयार होण्यापूर्वी असे नकाशे सिद्ध झाले, तर पर्यटन व संवर्धन यांतील विरोध बऱ्याच अंशी टळू शकेल. आराखड्यानंतर केलेला नकाशा मात्र बहुधा गमावलेल्या गोष्टींचीच नोंद ठरेल.